कोणी वापरतं का?

राउनो वीतामाकीचा दिवस पहाटे चार चाळीसला सुरू व्हायचा. गजर पाचचा लावलेला असे, पण तो वाजण्याची वेळ त्याने कधी येऊ दिली नाही. राईच्या पावाचे दोन तुकडे, त्यावर लोणी आणि काकडी, दोन कप कॉफी. पाच वीसला सायकल. बर्फ फार असला तर पायी. सहाला तो लिएक्सा या फिन गावातल्या लाकूड गिरणीत धार लावण्याच्या यंत्रापुढे उभा असे.

काम करवतीच्या पात्यांचे. आठ मीटरचे पट्ट्यासारखे पाते, दोन माणसांनी मिळून उचलायचे. एका पात्याला अडीचशेच्या आसपास दात. त्यातला एक जरी नीट घासला गेला नाही, तर फळीवर ठरावीक अंतराने ओरखडा उमटत राहतो आणि दिवसभराचा माल दुय्यम ठरतो. म्हणून यंत्रातून पाते बाहेर आल्यावर राउनो एकेक दात भिंगाखाली पाहायचा. यंत्र करतंच की सगळं, असे नवीन लोक म्हणत. तो पुढचा दात भिंगाखाली घ्यायचा. सदतीस वर्षांत त्याच्या हातचे पाते परत आले ते दोनदा. दोन्ही तारखा त्याला पाठ होत्या.

दुपारी दोनला सुटी. घरी जेवण, भांडी, आणि मग तीन ते पाच स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक. या दोन तासांचे त्याला कोणी काही देत नसे. पात्याचे दुसरे टोक उचलणाऱ्या आह्ती सोर्साला ही गोष्ट कधीच पटली नाही.

"त्या कॉम्प्युटरच्या कामाचे देतात किती रे?"

"काही नाही."

"साहेब कोण?"

"साहेब नाही. कीलमधला एक जर्मन आहे. तो चुका काढतो."

"पैसे नाहीत, साहेब नाही, आणि वर चुका काढून घ्यायच्या. अरे, एवढ्यासाठी लोक लग्न करतात!"

"चुका काढतो म्हणजे शिव्या देत नाही. 'परत कर' म्हणतो."

"तेच म्हणतोय मी."

हे सगळे सुरू झाले ते राउनोच्या बायकोमुळे. काइसूची नजर चाळिशीत हळूहळू गेली. जिल्ह्यातली अंधांची जुनी शाळा बंद झाली तेव्हा तिथली एक ब्रेल पट्टी तिच्याकडे आली. हातभर लांब, कळपट्टीच्या पुढ्यात ठेवायची. तिच्यात ऐंशी खाने, प्रत्येक खान्यात आठ बारीक टोके. पडद्यावर जी ओळ असेल तशी टोके वर उठतात आणि बोटाने वाचता येतात. पट्टी बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. पण कंपनी बुडाली तरी पट्टी चालते. संगणकाचे म्हणणे पट्टीला कळेल अशा खुणांत सांगणारा एक छोटा प्रोग्राम तेवढा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

असे ड्रायव्हर लिहिणारी एक मंडळी होती. जगभरातले पंचवीस-तीस जण, आपापल्या घरून, फुकट. त्यांचा कोड सगळ्यांना उघडा. कोणीही पाहावा, कोणीही दुरुस्ती पाठवावी. अशा दुरुस्तीला ते पॅच म्हणत. काइसूच्या पट्टीचा ड्रायव्हर तिथे होता, पण त्याला हात लावणारे कोणी उरले नव्हते आणि ओळीची शेवटची अक्षरे गळत होती. राउनोने वाचनालयातून पुस्तके आणली. धार लावण्याच्या यंत्राची आकडेमोड त्याला येत होती, त्याच्या पुढचे शिकायला दोन हिवाळे गेले.

त्याचा पहिला पॅच तीन वेळा परत आला. कीलचा बास्टियन ओल्के मोजके लिहायचा. "ओळींची मांडणी चुकली आहे. परत कर." "एका पॅचमध्ये दोन गोष्टी आहेत. वेगळ्या कर." "का केले ते लिहिलेले नाही." चौथ्यांदा ओल्के काही बोललाच नाही. अशा वेळी दोन आठवडे थांबायचे आणि मग एका ओळीत नम्रपणे आठवण करून द्यायची, ही तिथली रीत. राउनोने चौदा दिवस थांबून आठवण केली. पॅच सुरू केल्यापासून आठव्या महिन्यात आत गेला. गिरणीतही नव्या माणसाला स्वतंत्र पाते द्यायला साधारण एवढाच काळ लागतो, त्यामुळे त्याला त्यात काही वावगे वाटले नाही.

चाचणी काइसूची.

"बेचाळिसाव्या खान्यात डावीकडचं खालचं टोक अर्धंच उठतंय."

"मला तर नीट दिसतंय."

"तुला दिसतंय, पण मला लागत नाही. वाचायचं कोणाला आहे?"

"तुला."

"मग कर परत. इथला जर्मन मीच. आणि कॉफी टाक."

प्रत्येक पॅचच्या तळाशी कोणी लिहिला आणि कोणी तपासला ते नावानिशी लिहायचे, हीही रीत. नऊ वर्षांत 'चाचणी केली: काइसू वीतामाकी' ही ओळ अकरा वेळा लिहिली गेली. शाळेच्या दाखल्यानंतर माझं नाव एवढ्या ठिकाणी कोणी लिहिलं नाही, असे ती म्हणायची.

मार्चमधल्या एका बुधवारी राउनो गिरणीत असताना काइसूचे हृदय बंद पडले. शेजारणीचा फोन आला तेव्हा पाते अर्धे झाले होते. ते त्या दिवशी तसेच राहिले.

त्यानंतरही दर शनिवारी सकाळी दहाला राउनो पट्टी लावून ड्रायव्हर तपासत राहिला. त्याला बोटांनी वाचता येत नव्हते. इतकी वर्षे पाती हाताळून बोटांची टोके टाचेसारखी झाली होती. मग तो टेबलावरचा दिवा खाली, पट्टीच्या बाजूला ठेवायचा आणि टोकांच्या सावल्या मोजायचा. ऐंशी खाने, सहाशे चाळीस टोके. तास जायचा. हे कशासाठी, असे त्याला कोणी विचारले नाही. कोणाला ठाऊकच नव्हते.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात ओल्केचे पत्र मेलिंग लिस्टवर आले. सगळ्यांसाठी होते. प्रोग्रामचा आतला पाया बदलायचा आहे. एकवीस जुने ड्रायव्हर नव्या पायावर आणणे जिकिरीचे आहे. जे कोणी वापरत असेल त्याने चार आठवड्यांत कळवावे. ज्यांच्याविषयी कोणी कळवणार नाही ते काढून टाकू. खाली यादी. काइसूच्या पट्टीचे नाव सोळावे.

एक शब्द पुरला असता. "वापरात आहे" असे राउनोने लिहिले आणि पुसले. मग "पट्टी चालू आहे" असे लिहिले. ते खरे होते, पण प्रश्न तो नव्हता. वापर म्हणजे वाचन, आणि त्या पट्टीवर दीड वर्षात कोणी काही वाचले नव्हते. दोन दिवसांनी त्याने पाठवले ते असे: "माझ्या घरी ही पट्टी वापरणारी व्यक्ती एकोणीस महिन्यांपूर्वी वारली. मी दर शनिवारी तपासतो. मी वापरत नाही."

ओल्केचे उत्तर त्याच दिवशी आले. "काइसूच्या सूचना आमच्यापैकी बहुतेकांपेक्षा नेमक्या असत. वाईट वाटले. दुसरे कोणी वापरते का?"

चार आठवडे कोणी काही लिहिले नाही.

काढायचे काम ज्याला तो कोड सर्वांत चांगला माहीत त्यानेच करावे, असा संकेत होता. राउनोने ते केले. एक हजार तीनशे बारा ओळी पुसणारा पॅच. कुठे धागा लोंबकळत राहू नये म्हणून त्याने तो तीनदा तपासला. चाळीस मिनिटांत ओल्केने तो घेतला आणि लिहिले, "स्वच्छ काम. धन्यवाद." एकदाही परत न आलेला हा त्याचा पहिला पॅच.

पट्टी तो कचरा केंद्रावर घेऊन गेला. उपयोगाची नसलेली वस्तू घरात ठेवायची त्याला सवय नव्हती.

"बिघडलीय?" तिथल्या माणसाने विचारले.

"नाही."

"मग टाकता कशाला?"

"वापरणारं कोणी नाही."

माणसाने ती इलेक्ट्रॉनिक सामानाच्या पिंजऱ्यात टाकली.

दुपारचे तीन ते पाच रिकामे झाले. राउनो तरीही टेबलाशी बसायचा आणि पाचला उठायचा. मेलिंग लिस्टची पत्रे येत राहिली आणि तो ती वाचत राहिला, कारण दिवसाकाठी दुसऱ्या कोणाचे काही येत नसे. आह्तीने एक-दोनदा विचारले, "जर्मन काय म्हणतो?" राउनो म्हणाला, "बरा आहे." मग आह्तीने विचारणे सोडले.

सतरा महिन्यांनी, एप्रिलच्या अखेरीस, लिस्टवर एक अनोळखी नाव दिसले. मारिका त्योनिसन, एस्टोनियातल्या विल्यांदी गावची दुभाषी. ती लिहीत होती लेइदा सारेपू नावाच्या बाईंसाठी. वय अडुसष्ट, जन्मापासून बहिऱ्या, चाळिशीपासून अंध. "मी मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्याकडे जाते आणि तळहातावर खुणा करून बोलते. उरलेले पाच दिवस त्यांना जग या पट्टीतूनच कळायचं. गेल्या आठवड्यात त्यांचा संगणक अद्ययावत केला आणि पट्टी मुकी झाली. नवीन पट्टीसाठी यादीत नाव आहे, पण दोन वर्षं लागतील म्हणतात. तुम्ही ही बंद का केलीत?"

कोणीतरी उत्तर दिले: आम्ही विचारले होते. चार आठवडे थांबलो होतो.

"कुठे विचारलं होतं?"

"इथेच, लिस्टवर."

"इथे?" मारिकाने लिहिले. "लेइदाबाई इथे कशाला येतील? इथे यंत्र बनवणारे असतात. त्या तिकडे वाचत बसलेल्या होत्या."



राउनोने जुना पॅच उघडला. तळाशी त्याचेच नाव होते. लिस्टवर विचारले ते चार आठवडे, आणि त्याने पुसलेले त्या बाईच्या टेबलापर्यंत पोहोचायला सतरा महिने लागले. त्या सतरा महिन्यांत ती रोज वाचत होती. त्याने लिहिले, "मी काढला होता. मी परत बसवतो."

ओल्के म्हणाला, "वापरणारे कोणी आहे तर हरकत नाही. पण पाया बदलला, जुना कोड तसाच बसणार नाही. आणि खऱ्या पट्टीवर तपासल्याशिवाय मी घेणार नाही. या आवृत्तीचे दार एक ऑगस्टला बंद होईल, पुढचे वर्षभराने. तुझ्याकडे पट्टी आहे ना?"

"नाही."



लेइदाबाईंचा संगणक जुन्या आवृत्तीवर नेता आला असता, पण मग बँकेची आणि दवाखान्याची पाने त्यावर उघडली नसती. तेव्हा नवा ड्रायव्हर लिहिणे हाच मार्ग. राउनो पुन्हा तीन ते पाच बसू लागला. मे महिना संपेपर्यंत लिहून झाला. त्याने तो विल्यांदीला पाठवला. मंगळवारी मारिकाने लावून पाहिला आणि कळवले, "टोकं नाचताहेत. बाईंनी हात काढून घेतला." त्याने बदल केला. शुक्रवारी: "आता नाचत नाहीत. उठतही नाहीत." एक चूक कळायला तीन-चार दिवस. न पाहता दाताला धार लावण्यासारखे ते काम होते. दुसरी पट्टी मिळते का म्हणून त्याने अंधांच्या वाचनालयांना, जुन्या विक्रेत्यांना, ओस्लोतल्या एका संग्रहालयाला पत्रे लिहिली. संग्रहालयात एक होती, ती काचेच्या पेटीत, आणि पेटीबाहेर काढता येत नव्हती.

जूनच्या मध्यावर मारिकाने कळवले की जुलैभर ती सुट्टीवर आहे. बदली येणारी दुभाषी आठवड्यातून एकदाच येईल, आणि तिला संगणकातले काही कळत नाही.

जुलैत गिरणीही बंद असते. कॉफीच्या वेळी आह्तीने बोटीच्या इंजिनाचा विषय काढला. दोघांनी मिळून घ्यायचे ठरले होते.

"सुट्टीचे पैसे सोमवारी येतील. दुकानवाल्याशी बोलून ठेवू?"

"इंजिन राहू दे. मी एस्टोनियाला चाललोय."

आह्तीने कप खाली ठेवला. "बाई आहे?"

"आहे."

"वय?"

"अडुसष्ट."

"दिसायला कशी आहे?"

"माहीत नाही. तिलाही माझं कळणार नाही. दिसत नाही, ऐकू येत नाही तिला."

"म्हणजे तुझ्याशी पटेल अशी एकुलती एक बाई सापडली म्हणायची!" आह्ती मोठ्याने हसला. राउनो हसला नाही तेव्हा तो थांबला. मग म्हणाला, "माझी मोठी बॅग ने. तुझ्या बॅगेचं चाक तुटलंय."

जाण्याआधी मारिकाने लेइदाबाईंना सांगून ठेवले होते: सोमवारी दहाला एक फिन माणूस येईल. शेजारणीने दार उघडून दिले. लेइदाबाई लहानखुऱ्या, ताठ, दोन वेण्या डोक्याभोवती गुंडाळलेल्या. त्यांनी आपला तळहात पुढे केला. राउनोने त्यावर बोटाने मोठ्या अक्षरांत आपले नाव काढले. त्यांनी मान हलवली, त्याला मनगटाला धरून टेबलापाशी नेले, खुर्चीवर दाबून बसवले आणि पट्टीवर दोनदा थाप मारली. म्हणजे, कर.

पहिल्या दिवशी कोणत्याही ओळीची पहिली चार अक्षरे गायब. दुसऱ्या दिवशीही. दुपारी बाई हेरिंग आणि उकडलेले बटाटे त्याच्यापुढे ठेवत आणि थोड्या वेळाने बशी रिकामी झाली का ते हाताने चाचपून पाहत. बोलणे तळहातावर, एकेक अक्षराने. दोघांच्या भाषा जवळच्या असल्याने छोटे शब्द कळत. "झालं?" "नाही." "उद्या?" "उद्या." दिवसातून इतकेच.

बुधवारी संध्याकाळी, बस स्थानकामागच्या भाड्याच्या खोलीत, राउनोने आपला जुना कोड आणि नवा कोड ओळीला ओळ लावून पुन्हा वाचला. जुन्यात एक ओळ होती: मजकुराच्या दर ओळीआधी पट्टीला जागे केल्यावर क्षणभर थांबायचे, मगच पहिले अक्षर पाठवायचे. नवा लिहिताना ती त्याला निरर्थक वाटली होती आणि त्याने ती गाळली होती. पट्टी जागी होण्याआधीच अक्षरे येत होती आणि तिथेच हरवत होती. ती ओळ त्याचीच होती. पण का थांबायचे, ते त्याने तेव्हा लिहून ठेवले नव्हते. म्हणजे स्वतःच्याच हातचे पाते परत आले. त्याने ही तारीखही लक्षात ठेवली.

गुरुवारी सकाळी त्याने ओळ परत घातली आणि शेजारी कारण लिहिले. अकरा वाजता ऐंशीच्या ऐंशी खाने उठले. त्याने टंकले, "वाचता येतंय का?" लेइदाबाईंची बोटे डावीकडून उजवीकडे गेली, परत आली आणि पुन्हा गेली. मग त्यांनी कळपट्टी स्वतःकडे ओढली आणि लिहिले, "हो. आता थोडा सरक."

तो सरकला. बाईंनी पत्रांची पेटी उघडली. एप्रिलपासूनची पत्रे होती. बहिणीची, कोणा कोणाची. त्याला काय माहीत. त्या वाचू लागल्या. राउनोने स्वतःच्या संगणकावरून पॅच पाठवला आणि खिडकीशी बसला. बाई एकदा खुदकन हसल्या. एकदा बराच वेळ एकाच ओळीवर थांबल्या. जेवणाची वेळ झाली ती त्यांच्या ध्यानात आली नाही. त्याने स्वतःच पाव कापला, त्यांच्या कोपराजवळ एक तुकडा ठेवला, एक आपण उभ्याने खाल्ला. खोलीत टोके उठण्याचा बारीक आवाज होता, आणि तो त्याला एकट्यालाच ऐकू येत होता.

एक चाळीसला ओल्केचे उत्तर आले. "घेतला. थांबण्याचे कारण लिहिलेस ते बरे केलेस."

राउनोने सामान आवरले. बाईंचा उजवा हात पट्टीवरून उचलून त्यावर लिहिले, "निघतो." त्यांनी त्याची बोटे एकदा घट्ट दाबली आणि सोडली. डावा हात पूर्ण वेळ ओळीवरच होता. तो बूट घालेपर्यंत उजवाही परत तिथे गेला.

सुट्टीचे पैसे असे गेले: लिएक्साहून हेलसिंकीपर्यंतची गाडी, ताल्लिनची बोट, विल्यांदीची बस, भाड्याची खोली, आणि तेच सगळे परतीचे. वर्षभर पात्यांना धार लावून मिळालेल्या त्या पैशांत लेइदा सारेपूंना आपली पत्रे कोणाच्याही मदतीशिवाय, मंगळवार-शुक्रवारची वाट न पाहता वाचता आली.